मामा तलाव ते गावजंगल: डिसेंबरातल्या पक्षीफेरीची आखणी (गोंदिया-भंडारा), एक चर्चा

झाडीपट्टीकर

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात पक्षीफेरी न्यायची आहे. माणसं बारा, त्यांतली निम्मी पहिल्यांदाच दुर्बीण हाती धरणारी. गावाला एक मोठा माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला), वरच्या अंगाला दोन बोड्या (छोटी तळी), मधे धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं) आणि पलीकडे मोह, ऐन, धावडा, तेंदू असं गावजंगल. एकूण चाल साडेतीन-चार किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे सारसाची जोडी येते.

कच्चा आराखडा असा: सव्वासहाला शाळेपाशी जमायचं, साडेसहाला पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर). पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, मग बांध्यांतून बोड्यांकडे, नऊला जंगलात आणि अकराला परत. सहा दुर्बिणी ८×४२ च्या, एक २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) तिपाईसकट. क्रम आणि अंतरं तपासून हवी आहेत. जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे सविस्तर लिहा.

अडई

सगळ्यात आधी पाळ. बारा माणसं पाळीच्या माथ्यावरून चालायला लागली की पहिल्या पाच मिनिटांत तलाव रिकामा होतो. माथा पाण्यापासून बराच उंच असतो, मागे उजळलेलं आकाश, त्यावर माणसांच्या काळ्या आकृत्या. तीनशे मीटरवरची बदकंसुद्धा ते बघतात. आधी माना वर करतात, मग पोहत मधल्या पाण्याकडे सरकतात आणि एक थवा उठला की बाकीचे त्याच्या मागे जातात.

म्हणून पाळीच्या कोरड्या बाजूनं, पायथ्यापासून चाला. वर चढायच्या तीनच जागा आदल्या दिवशी ठरवून ठेवा. तुडमाजवळची (पाणी सोडायच्या दाराजवळची) एक, जाड खोडाच्या कहूमागची (अर्जुनवृक्षामागची) एक, आणि सांडव्यापाशी एक. प्रत्येक ठिकाणी आधी फेरी नेणारा एकटा वाकून वर जाईल, स्कोप गुडघ्याच्या उंचीवर लावेल, मग बाकीचे एकेक करून येऊन खोडाच्या सावलीत बसतील. बसलेल्या माणसाला बदक लवकर सोसतं. दहा-बारा मिनिटं हालचाल नसेल तर सरकलेली बदकं बहुतेक वेळा परत जवळ येतात, म्हणून पहिल्या जागी घाई करू नका.

दुसरं, ऊन कुठून येतं ते नकाशावर बघा. सकाळी तलावाच्या पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. पाळ पश्चिमेला असेल तर सकाळी सगळे पक्षी नुसते काळे दिसतील, रंगावरून काहीच ओळखता येणार नाही. तसं असेल तर सकाळी वरच्या उथळ बाजूनं सुरुवात करा आणि पाळ संध्याकाळसाठी ठेवा.

झाडीपट्टीकर

पाळ दक्षिण-पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी येतं. तीन जागांची सूचना घेतली. तुडमाजवळ मात्र ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) बांधवांची डोंगी (लहान नाव) आणि जाळी असतात, तिथे गर्दी नको असं वाटतं.

अडई

मग तुडूम सोडून पन्नास-साठ पावलं अलीकडे थांबा. जाळी सुकत घातलेली असतील तर त्यांवर पाय पडू देऊ नका, तिपाईचे पाय तर मुळीच नाही. डोंगी निघायची वेळ त्यांना आधी विचारा. डोंगी पाण्यात गेली की बदकं विरुद्ध टोकाला जातात. ती कुठल्या बाजूनं जाणार हे कळलं तर तुमची पहिली जागा कोणती हे त्यावरूनच ठरतं.

धुऱ्यावरून

नवख्यांना पक्ष्यांची नावं सांगण्याआधी तलावाची खोली दाखवा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मामा तलाव म्हणजे एका बाजूला पाळ आणि तिथून उतरत्या खोलीचं पाणी. पाळीजवळ खोल, मधे कमरेइतकं, आणि वरच्या बुडीत भागात घोट्याइतकं होत होत चिखल, मग बांध्या. कोहळी समाजाच्या लोकांनी असे तलाव पूर्व विदर्भात हजारोंनी बांधले. १९५१ साली मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. बांधणी सिंचनासाठीच होती, पण जमिनीचा उतार तसाच ठेवल्यामुळे एकाच तलावात पाच-सहा वेगवेगळ्या खोलीचं पाणी मिळतं आणि प्रत्येक खोलीचे पक्षी वेगळे.

पाळीजवळच्या खोल पाण्यात पाणकावळे, टिबुकली, बुडी मारणाऱ्या लालसरी. मधे, जिथे पाणवनस्पती पृष्ठभागापर्यंत येतात, तिथे वारकरी, गडवाल आणि मोठी लालसरी. पोयण्याच्या आणि कमळाच्या पानांवर दोन्ही कमळपक्षी. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी हिवाळ्यात गळलेली असते, त्यामुळे चित्रातला पक्षी शोधणारे चुकतात. डिसेंबरात त्याची मान पिवळसर, डोळ्यातून निघून मानेच्या कडेनं छातीपर्यंत उतरणारी काळी रेघ आणि उडताना पांढरे पंख हे बघायचं. काणूक म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात छोटं बदक, तेही याच पानांत. मुठीएवढा पांढरा ठिपका हलताना दिसला तर तिथे दुर्बीण लावा.

गुडघाभर पाण्यात तलवार बदक. डोकं खाली, शेपूट वर करून तळाचं खातं. त्याची मान जितकी पोचते तितकीच तिथली खोली, हे दाखवलं की नवख्या माणसाला पाणी वाचता यायला लागतं. थापट्या चोच पृष्ठभागावर सपाट धरून गोल फिरतात. त्याहून उथळ पाण्यात, गाद या पाणगवतात जांभळी पाणकोंबडी आणि घोंगल्याफोडा (उघड्या चोचीचा करकोचा). त्याच्या चोचीच्या दोन भागांमधली फट लांबून दिसते. खाऊन टाकलेल्या घोंगल्यांचे (पाणगोगलगाईंच्या शंखांचे) ढीग काठावर सापडले तर ते उचलून दाखवा, तो पुरावा पक्ष्याइतकाच बोलका. शेवटी चिखलाची कड, तिथे तुतवार, धोबी आणि कापलेल्या धानाच्या ओल्या खुंटांत पाणलावा.

आता एक काळजीची गोष्ट. तलावातला गाळ काढताना यंत्रानं सगळीकडे सारखी खोली केली आणि कडा उभ्या कापल्या की पाणी जास्त साठतं खरं, पण घोटा-गुडघ्याचं पाणी संपतं. पाठोपाठ गाद, देवधान (रानभात) आणि त्यांवर जगणारे पक्षी जातात. मग उरतात वारकरी आणि पाणकावळे. काठाला बेशरमाचं रान माजलं तरीही तेच होतं. ती झुडपं मुळासकट उपटावी लागतात. नुसती कापली तर कांडीतून पुन्हा फुटतात, आणि कापलेल्या कांड्या पाण्यात टाकल्या तर दुसऱ्या काठाला जाऊन रुजतात. ढिवर महिलांचे गट भंडारा-गोंदियात काही तलावांत बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती परत लावतात. फेरीत असं एखादं टोक दाखवता आलं तर शेजारचं बेशरमाचं टोकही दाखवा आणि दोन्हींकडे पाच-पाच मिनिटं पक्षी मोजायला लावा.

रानपिंगळा

क्रमाबद्दल थोडा वेगळा विचार. जंगलातले पक्षी पहाटेच सगळ्यात जास्त बोलतात, मग जंगल नऊला का? बदकं दुपारीही तिथेच असतात. मी उलट क्रम सुचवेन.

अडई

मार्चनंतर तुमचा क्रम बरोबर आहे. डिसेंबरात नाही. थंडीत झाडाच्या शेंड्यावर ऊन पडेपर्यंत किडे हलत नाहीत, त्यामुळे किडे खाणारे पक्षीही गप्प असतात. या भागात डिसेंबरच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि मिश्र थवे (अनेक जातींचे पक्षी एकत्र) आठ-साडेआठनंतर फिरायला लागतात. पाण्याचं गणित दुसरं आहे. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते, तेव्हा स्कोपमध्ये २५-३० पटीच्या वर नेलं की फक्त लाटा दिसतात. दूरच्या थव्यातलं चक्रांग बदक वेगळं काढायचं तर आठच्या आत.

धुकं असेल तर मात्र थांबून राहू नका. थेट बोड्यांकडे जा, तिथे अंतर कमी असतं, आणि धुकं उठल्यावर मोठ्या तलावाकडे या.

रानपिंगळा

पटलं. हिवाळ्यासाठी तलाव आधी. मग जंगलाबद्दल लिहितो.

बारा जणांनी सागाच्या किंवा पळसाच्या वाळलेल्या पानांवरून चाललं तर शंभर मीटरपर्यंत आवाज जातो. म्हणून बैलगाडीची वाट धरा, आत शिरू नका. चालण्यापेक्षा थांबणं जास्त कामाचं. दर दीडशे-दोनशे मीटरवर सात-आठ मिनिटं थांबा. सातभाईंचा कलकलाट किंवा कोतवालाची नक्कल ऐकू आली की तिकडे लक्ष द्या, कारण मिश्र थवा बहुधा त्यांच्या आसपास असतो. थव्यात निखार, सुभग, रामगंगा, चष्मेवाला, नाचण, सोनपाठी सुतार आणि नशिबानं पल्लवपुच्छ कोतवाल. थवा एका झाडावरून दुसऱ्यावर सरकतो तेव्हा मागे धावू नका. कुठल्या दिशेनं सरकतोय ते बघून वाटेनंच तीस-चाळीस मीटर पुढे जा आणि त्याला आपल्याकडे येऊ द्या.

निष्पर्ण शेंड्यांवर सकाळच्या उन्हात हरियाल थव्यानं बसतात. आपला राज्यपक्षी इतक्या निवांत दुसऱ्या वेळी दिसत नाही, त्यामुळे स्कोप जंगलातही घेऊन जा. उंबर, वड, पिंपळ फळलेला असेल तर तिथे अर्धा तास द्या. राखी धनेश तिथेच येतो.

आणि तलाव-जंगल हे दोन वेगळे भाग आहेत असं सांगू नका. अडई, काणूक आणि नकटा ही तिन्ही बदकं पावसाळ्यात झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पाळीवरचे जुने मोह-कहू आणि तलावालगतची ढोलीची झाडं नसतील तर पाणी कितीही चांगलं असलं तरी त्यांची वीण तिथे होत नाही. फेरीत दोन-तीन ढोल्या दाखवा, लांबूनच. ढोलीत काठी घालून बघायची हौस कुणाला होऊ देऊ नका, आत पिंगळा किंवा घोरपडही असू शकते.

झाडीपट्टीकर

सारसाबद्दल कुणी नेमकं लिहील का? लोक मुख्यतः त्यासाठीच येणार आहेत.

धुऱ्यावरून

राज्यात सारस आता जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात उरलेत, भंडाऱ्यात मोजके. वैनगंगा-बाघच्या पलीकडे बालाघाटात आहेत. दर वर्षी जूनमध्ये गोंदियातली सेवा संस्था, वनविभाग आणि शेतकरी-स्वयंसेवक मिळून पहाटे त्यांची गणना करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये त्यांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. एवढ्या थोड्या पक्ष्यांपैकी एक जोडी तुमच्या फेरीमुळे जागा सोडून गेली तर ते नुकसान फार मोठं आहे.

अंतराचा नियम पक्ष्याच्या मानेवरून ठरवा. मान खाली, चोच चिखलात असेल तर सगळं ठीक. दोघांच्या माना एकदम सरळ वर गेल्या आणि चरणं थांबलं तर तिथेच थांबा, एक पाऊलही पुढे नाही. ते चालत लांब जायला लागले तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात, मागे फिरा. सुरुवातच दोनशे मीटरवरून करा. पाच-साडेपाच फूट उंचीचा पक्षी आहे, दोनशे मीटरवरून स्कोपमध्ये डोळ्याचा रंग दिसतो. मोबाइल हातात धरून पुढे सरकणारा माणूस हा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळे फोटो स्कोपला मोबाइल लावूनच.

जोडीसोबत तिसरा, जरा लहान, डोक्यावर लाल ऐवजी बदामी-तांबूस रंगाचा पक्षी असेल तर ते याच पावसाळ्यातलं पिल्लू. वीण जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर, बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवणी, आणि पिल्लू उडायला तीन महिने लागतात. डिसेंबरात ते नुकतंच उडायला शिकलेलं असतं. अशा कुटुंबाला उडवणं म्हणजे त्याला तारांकडे ढकलणं. विजेच्या तारांना धडकून आणि शॉक बसून सारस मरतात, हे गोंदियात वारंवार घडलेलं आहे. तलावाजवळून जाणाऱ्या तारा कुठे आहेत ते आधी बघून ठेवा आणि पक्षी आपण आणि तारा यांच्या मधे सापडणार नाहीत अशी वाट आखा.

नवखे लोक राखी बगळ्याला सारस म्हणतात. उडताना बगळा मान आखडून घेतो, सारस पूर्ण ताणतो. जोडीनं दिलेली हाक ऐकली तर ओळखीत चूक होत नाही. नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन आखूड हाका, दोघांच्या चोची आकाशाकडे.

कोणाला गर्दीनं सारस बघायचेच असतील तर त्यांना गोंदियाजवळच्या परसवाडा किंवा झिलमिली तलावाकडे पाठवा. ती ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. तुमचं गाव गुप्त ठेवताय ते उत्तम करताय. यादी नोंदवतानाही ठिकाण तालुक्याच्या पातळीवरच ठेवा.

मृण्मयी_नागपूर

बांध्यांतून जाताना एक गोष्ट हमखास बिघडते. धान कापून झालेलं असतं, बांधी रिकामी दिसते आणि माणसं आडवी चालतात. ती रिकामी नसते. उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस फेकलेलं असतं आणि डिसेंबरात त्याची वीतभर रोपं असतात. म्हणून फक्त धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), एका मागे एक. धुरे ओले असतील तर मधोमध पाय टाकायचा. कडेवर दिला तर धुरा ढासळतो आणि शेतकऱ्याला पुन्हा माती लिंपावी लागते. ज्यांच्या धुऱ्यावरून जाणार त्यांना आदल्या दिवशी विचारा. नाही म्हटलं तर वाट बदला.

पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट धुऱ्यावर घसरतात. घोट्यावर घट्ट बसणारे, जाड खाचांचे जुने कापडी बूट बरे. जास्तीचे मोजे प्रत्येकाच्या पिशवीत हवेत.

सुरक्षेचे तीन मुद्दे. अंधारात बांध्यांत शिरू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. बेकायदा आहे, माणसं मेलेली आहेत, तरी चालतं. पूर्ण उजाडल्यावर, आणि गावातल्या माणसाला पुढे ठेवूनच. दुसरं, धानाच्या तणशीच्या ढिगावर बसू नका, हात घालू नका, खाली घोणस असते. तिसरं अस्वल. मोहाच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटेची जंगलफेरी टाळाच, अस्वलं आणि मोह वेचणाऱ्या बाया एकाच झाडाखाली येतात. डिसेंबरात धोका कमी, तरी वळणाआधी आवाज करून पुढे जा.

परवानगीचंही बघा. गावजंगल सामूहिक वनहक्कात असेल तर ग्रामसभेला कळवायचं, राखीव वन असेल तर वनविभागाला. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीजवळ असाल तर दोघांनाही. कागदावर 'झुडपी जंगल' लिहिलेलं असेल तर तलाठ्याकडून हद्द समजून घ्या.

रानपिंगळा

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं या फेरीत पूर्ण बंद ठेवा. नवख्या माणसाला पक्षी पटकन समोर येतो म्हणून गंमत वाटते, पण तो पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून खाणं सोडून हद्द राखायला येतो. नवरंगासारखे पावसाळी पक्षी वीण करत असताना हे रोज घडलं तर जागा सोडतात. आवाज ओळखायला ॲप वापरा, वाजवायला नको. ॲपनं सांगितलेलं नावही डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय यादीत घालू नका, भृंगराजाच्या (पल्लवपुच्छ कोतवालाच्या) नकलेला ते सहज फसतं.

अडई

मोजणीची पद्धत राहिली. थवा दिसला की 'खूप' लिहितात, त्याचा पुढे काही उपयोग नाही. थव्याच्या एका कडेची दहा बदकं नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा, आणि तोच तुकडा थव्यावर पुढे सरकवत न्या. मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा. दोघांनी वेगवेगळं मोजून शेवटी आकडा जुळवावा. फार फरक आला तर पुन्हा मोजा, सरासरी काढू नका. थव्यात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर आधी एकूण, मग शंभरातली किती कोणती हे बघून वाटणी.

यादी एकच लांबलचक करू नका. तलावाची वेगळी, बोड्या-बांध्यांची वेगळी, जंगलाची वेगळी, प्रत्येकीत सुरुवातीची वेळ, लागलेली मिनिटं आणि चाललेलं अंतर. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तुमची पाण्याची यादी वेगळी असली की त्याच जागांवरून जानेवारीत पुन्हा मोजून जोडता येते. दुर्बीण निम्म्यांनाच आहे, तर दोघांत एक ठेवा. एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि प्रत्येक थांब्याला अदलाबदल.

मृण्मयी_नागपूर

गावातला सोबती ढिवर कुटुंबातला घ्या. पाणी कुठे किती, कोणत्या झाडावर कोण रात्र काढतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्याला फेरीच्या शेवटी 'जे वाटेल ते' देऊ नका. रक्कम आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर द्या. किमान एक दिवसाची त्या भागातली मजुरी, कारण सकाळ गेली की त्याची मासेमारी गेली. नाश्ता गावातल्या बचतगटाकडून सांगा. पोहे, चहा, पाणी मोठ्या भांड्यात. प्लास्टिकचे कप आणि बाटल्या न्यायच्याच नाहीत.

झाडीपट्टीकर

बदललेला आराखडा. सव्वासहाला जमणे, पंधरा मिनिटं दुर्बीण डोळ्याला बसवणे. आधी डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर नेमकं करायचं, मग उजव्याचं छोटं चाक. चष्मेवाल्यांनी रबरी कड खाली करायची. ६.४० ला पाळीच्या पायथ्यानं पहिली जागा, तुडमापासून साठ पावलं अलीकडे. आठपर्यंत तिन्ही जागा, खोलीप्रमाणे पक्षी. ८.१० ते ८.५० धुऱ्यावरून बोड्या, सारस दोनशे मीटरवरून. नऊ ते साडेदहा गाडीवाटेनं जंगल, पाच थांबे. मग बचतगटाकडे नाश्ता आणि आकडे जुळवणे.

गट सहा-सहाचे दोन करतोय, दुसरा गट वीस मिनिटांनी मागून निघेल. दोन्ही गटांचा एकेक नेता एकाच बाजूनं जाईल, म्हणजे तलावाला दोन्हीकडून माणसं नकोत. दुसऱ्या गटासाठी अजून एक स्कोप मिळवतोय.

धुऱ्यावरून

वीस मिनिटं कमी पडतील. पहिल्या गटानं दुसरी जागा सोडेपर्यंत मागच्यांनी पहिली जागा घेऊ नये, नाहीतर मधली बदकं दोघांच्या मधे अडकून उडतील. पस्तीस मिनिटं ठेवा. मागच्या गटाला तोवर शाळेच्या आवारातल्या झाडांवर दुर्बिणीचा सराव द्या. चिंच असेल तर तांबट आणि पोपट मिळतीलच.